मोकळेपणी सांगा हं!

‘मोकळेपणी सांगा हं, माझ्या तोंडाकडे बघू नका,’ असं म्हणून स्वतः लिहिलेलं बाड आपल्या पुढ्यात ठेवणारा माणूस तुमच्याही ओळखीत असणार. बाड कसलंही असो. मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा, सोसायटीच्या अहवालाचं प्रास्ताविक, किंवा निवृत्तीनंतर लिहायला घेतलेलं आत्मचरित्र. तो तुम्हाला पेनही देतो, तेही लाल. तुम्ही भीत भीत एका ओळीवर बोट ठेवता. ‘अगदी बरोबर! हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं,’ असं म्हणून तो उजळतो आणि ती ओळ तिथेच का हवी, हे पाऊण तास समजावून देतो. निघताना तुमचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानतो. ओळ असते तिथेच असते. वर ती नीट कळावी म्हणून तिच्याखाली आणखी दोन आलेल्या असतात.

माझ्या मते या जमातीचा मूळपुरुष अठराव्या शतकात लंडनला होऊन गेला. नाव सॅम्युअल रिचर्डसन, धंदा छापखान्याचा, पत्ता फ्लीट स्ट्रीटलगतचं सॉल्सबरी कोर्ट. जन्म १६८९ सालचा, डर्बीशरमधला. वडील सुतारकाम करणारे, शिक्षण बेताचं, मग सात वर्षं छापखान्यात उमेदवारी आणि पुढे स्वतःचा छापखाना, तोही असा भरभराटीचा की पार्लमेंटची छपाई त्यांच्याकडे. पन्नाशीला टेकेपर्यंत गृहस्थानं कादंबरी म्हणून एक ओळ लिहिली नव्हती. नंतर लिहिली ती अशी की, युरोपभर बायाबापड्या ढसाढसा रडल्या आणि पंडितही रडले. ‘पामेला’ १७४० ची. ‘क्लॅरिसा’ १७४७-४८ ची. सात खंड, पाचशेहून जास्त पत्रं, साडेनऊ लाख शब्दांच्या आसपास. कादंबरी पत्रांतून चालते. पण मला त्या कादंबरीतल्या पत्रांपेक्षा ती कादंबरी दुरुस्त करायची म्हणून रिचर्डसननी जी पत्रं लिहिली, ती जास्त करमणुकीची वाटतात. त्यांत हा माणूस जसा सापडतो, तसा कुठेच नाही.

लक्षणं पाळण्यातच दिसली होती म्हणायला हरकत नाही. अकरा वर्षांचे असताना त्यांनी पन्नाशीच्या एका विधवेला पत्र लिहिलं. बाई धर्माच्या गोष्टी फार करायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत कळी लावत हिंडायची. पोरानं बायबलमधली वचनं शोधून काढली, मोठ्या माणसाचा आव आणून तिला चांगला उपदेश केला आणि खाली सही केली नाही. अक्षर मात्र ओळखू आलं. बाई रडत आईकडे आली. आईनं रागावून घेतलं, आणि मनातून कौतुकही केलं. तेराव्या वर्षी याच पोराकडे गावातल्या तीन तरुण मुली, एकमेकींच्या नकळत, आपापल्या प्रियकरांना द्यायच्या उत्तरांचे मसुदे करून घ्यायला येऊ लागल्या. मुली तोंडानं म्हणायच्या, त्याला झिडकारून लिही. डोळे वेगळंच सांगायचे. मग एखादा शब्द कडक झाला की बदलायचा, मऊ झाला की पुन्हा बदलायचा. हे सगळं रिचर्डसननी म्हातारपणी आपल्या डच अनुवादकाला, योहानेस स्टिन्स्त्राला, सविस्तर कळवलंय. म्हणजे बायकांच्या घोळक्यात बसून पत्रांचे मसुदे दुरुस्त करायची सवय मिसरूड फुटायच्या आधीची. पुढे आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

माणूस म्हणून अत्यंत सज्जन. छापखान्यात सकाळी सगळ्यांत आधी येणाऱ्या जुळाऱ्याला बक्षीस मिळावं म्हणून खिळ्यांत अर्ध्या क्राउनचं नाणं लपवून ठेवायचे. कर्जापायी पकडलेल्या कोशकार डॉक्टर जॉन्सनना सोडवायला यांनीच पैसे धाडले. तब्येतीची रड मात्र कायमची. हात थरथरायचे, चक्कर यायची, गर्दी सोसायची नाही. बाथचे डॉक्टर जॉर्ज चेनी यांनी दूध आणि भाजीपाल्यावर राहायला सांगितलं आणि व्यायामासाठी घरातला एक लाकडी घोडा सुचवला. म्हणजे स्प्रिंगा बसवलेली खुर्ची. तिच्यावर बसून वरखाली उसळायचं. इंग्रजी कादंबरीच्या जनकांपैकी एक सद्गृहस्थ रोज सकाळी घरातल्या घरात असे उसळताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून पुढचं वाचावं.

‘पामेला’च्या वेळी सल्लागार घरचेच होते. बायको आणि घरी राहायला आलेली एक तरुणी रोज रात्री त्यांच्या लिहिण्याच्या खोलीत येऊन विचारायच्या की आज पामेलाचं आणखी काही लिहून झालं का. दोन महिन्यांत पुस्तक हातावेगळं झालं. माझी अशी पक्की समजूत आहे की, रोज रात्री ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारणारे दोन वाचक मिळाले, तर कुठल्याही लेखकाला तिसऱ्याची गरज नाही. पण रिचर्डसनना गरज लागली. पुस्तक गाजलं, कौतुकाची पत्रं आली, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला त्यांनी ती पत्रं छापून टाकली. आपण स्वतः फक्त ‘संपादक’, असा आव आणून वर ही स्तुती! हेन्री फील्डिंगसारख्या टवाळाला आणखी काय हवं? त्यानं ‘शमेला’ लिहून कादंबरीची आणि त्या पत्रांचीही यथेच्छ टर उडवली. रिचर्डसननी फील्डिंगला आयुष्यभर माफ केलं नाही. मोकळेपणी सांगणाऱ्यांपैकी फील्डिंग एकच खरा मोकळा निघाला, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ती स्तुतीची पत्रं लिहिणारा गृहस्थ म्हणजे ॲरन हिल. याच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा बळी तोच. हिल कवी, नाटककार आणि हौशी उद्योजक. हेंडेलचा ‘रिनाल्दो’ हा ऑपेरा १७११ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आणण्यात त्याचा हात होता. बीचच्या फळांपासून तेल काढायचा कारखाना त्यानं काढला आणि बुडवला. मुलींची नावं ठेवली युरेनिया, ॲस्ट्रिया आणि मिनर्व्हा. स्वतः एक साधी गोष्ट सहा ओळींच्या वाक्यात सांगणारा. रिचर्डसनवर त्याची अफाट भक्ती. ‘क्लॅरिसा’चं बाड तुकड्यातुकड्यानं त्याच्याकडे जाऊ लागलं, सोबत विनवणी: फार लांबलंय, काटछाट सुचवा, निष्ठुर व्हा. हिल प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा की यातलं एक अक्षर हलवता येणार नाही. हा अगदी आदर्श सल्लागार. गोष्ट इथे थांबली असती, तर दोघंही सुखात मेले असते.

पण रिचर्डसन थांबेनात. पत्रामागून पत्र. नाही, नाही, तुम्ही भिडेखातर बोलताय. लांबी हाच माझा मोठा दोष, मला माहीत आहे. तुम्हीच कापा. शेवटी १७४६ च्या सुमारास बिचाऱ्या हिलला ते खरं वाटलं. त्यानं सुरुवातीची काही पत्रं घेतली, बारीक केली, काही वाक्यं आपल्या पद्धतीनं नव्यानं लिहिली आणि नमुना म्हणून पाठवून दिली. मनात असणार की मित्राचं काम केलं.

रिचर्डसनना जो धक्का बसला, तो त्यांच्या उत्तरात ओळीओळीतून दिसतो. भाषा नम्र, आभार पोतंभर, आणि आतून माणूस उन्मळलेला. जे कापलंय तेच तर मला हवं होतं, पुढे तीनशे पानांनंतर जे घडणार आहे त्याचं बी तिथे पेरलंय, या मुलीचा स्वभाव या बारीकसारीक गोष्टींतूनच कळायचाय, अशी कारणं एकामागून एक. अशा माणसाशी वाद घालताना एक अडचण असते. त्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. ‘क्लॅरिसा’तला तपशील काढला तर उरतं काय? एक श्रीमंत घराणं पैशासाठी मुलीला नको असलेल्या माणसाच्या गळ्यात बांधू बघतं, लव्हलेस नावाचा देखणा बदमाश तिला फसवून घराबाहेर काढतो, तिच्यावर अत्याचार करतो, आणि ती त्याच्याशी लग्न नाकारून मरणाला सामोरी जाते. चार ओळींत झालं. उरलेले साडेनऊ लाख शब्द हीच कादंबरी. हे रिचर्डसनना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी हिलच्या हातात कात्री दिलीच.

वरताण म्हणजे हिलनं आणखी एक मत दिलं: मुलगी त्या माणसाबरोबर घर सोडते, तर तिचं त्याच्यावर उघड प्रेम दाखवा, नाहीतर पटणार नाही. झालं! क्लॅरिसा पळून जात नाही हो, तिला फसवून नेतात, हे समजावता समजावता रिचर्डसनची पानंच्या पानं खर्ची पडली. हे वाचताना मला हिलची फार दया येते. खांद्यावर हात टाकून कुणी ‘मारा’ म्हणाला, म्हणून यानं हळूच चापटी मारली, आणि आता समोरचा गाल धरून बसलाय.

स्वतःच्या या स्वभावाची त्यांना कल्पना नव्हती असं नाही. आपण छाटणी करायला नालायक आहोत, एक पान काढलं की तीन घालतो, असं त्यांनी एका पत्रात कबूलच केलंय. आणि १७४७ च्या नोव्हेंबरात, पहिले खंड बाहेर पडायच्या तोंडावर, त्यांनी वेल्विनच्या एडवर्ड यंग या कवीला कळवलं की, माझ्या भित्र्या स्वभावापायी आणि मनाचा हिय्या नसल्यामुळे या क्लॅरिसावरून मी किती वादांत सापडलो. तुमच्याखेरीज कुणाला विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. वाचून यंग सुखावला असणार. माझा आपला एक संशय. ‘तुमच्याखेरीज कुणाला विचारायला नको होतं’ हे वाक्य असली माणसं प्रत्येक सल्लागाराला एकदा ऐकवतात.

या सल्लागारांतही नाना तऱ्हा. कॉली सिबर हा म्हातारा नट, इंग्लंडचा राजकवी, वय सत्तरीच्या पुढचं, आयुष्य रंगेलपणात गेलेलं. त्याला १७४५ साली, म्हणजे पुस्तक छापून यायच्या दोन वर्षं आधी, लेटिशिया पिल्किंग्टन या बाईंकडून कळलं की नायिकेवर अत्याचार होणार आणि ती मरणार. म्हातारा पेटला. असं झालं तर आपला देवाच्या न्यायावरचा विश्वास उडेल, इथपर्यंत बोलला, आणि पिल्किंग्टनबाईंनी ते सगळं, स्वतःच्या विनवण्यांची भर घालून, रिचर्डसनना कळवलं. आता खरं तर लेखकानं अशा वेळी चिडावं किंवा घाबरावं. रिचर्डसन खूश. अजून न छापलेल्या मुलीसाठी राजकवी रडतोय! शेवट अर्थातच बदलला नाही.

मोठ्या गोष्टीत ते तसूभर हलायचे नाहीत. लहान गोष्टीत मात्र कुणाचंही ऐकत. उमरावाच्या घरात कुणाला काय म्हणून हाक मारतात, सरदाराच्या मुलीच्या नावामागे काय लावतात, असल्या बाबतीत छापखान्याच्या शेटला माहिती बेताची. तिथे कुणी चूक दाखवली की मनापासून आभार आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती. मला हे फार मानवी वाटतं. पडद्याचा रंग तुम्ही ठरवा. घर कुठे बांधायचं ते आम्ही बघतो.

आता बेलफोरबाईंकडे वळू. या सगळ्या पत्रव्यवहारातला हा सर्वांत लज्जतदार भाग, म्हणून इथे जरा बैठक मारून बसावं.

१७४८ च्या एप्रिलपर्यंत चार खंड बाहेर पडले होते, क्लॅरिसा लव्हलेसच्या तावडीत होती आणि उरलेले खंड डिसेंबरात यायचे होते. वाचकांनी आठ महिने जीव मुठीत धरायचा. ऑक्टोबरात रिचर्डसनना ‘बेलफोर’ या खोट्या नावानं एका बाईंचं पत्र आलं. ऐकलंय ते खरं नसेल ना? शेवट गोड करा. लव्हलेसला सुधारा आणि दोघांचं लग्न लावून द्या. नाही केलंत तर माझा शाप ऐका. आणि शाप तरी कसला! जगातल्या सगळ्या तरुण, सुंदर, सद्गुणी स्त्रिया तुमचा तिरस्कार करोत, तुमच्या नजरेला म्हातारपण आणि कुरूपता याखेरीज काही न पडो. पन्नाशी उलटलेल्या, बायकामुलींच्या घोळक्यातच ज्याचा जीव रमतो अशा माणसाला नेमका हा शाप! बाईंनी आपल्या सावजाची नस बघूनच बाण मारला होता.

दुसऱ्या कुणी पत्र फाडून टाकलं असतं. रिचर्डसननी निबंध लिहिले. तिचा मृत्यू का हवा, बदमाश सुधारला की उत्तम नवरा होतो ही समजूत किती घातक आहे, खऱ्या धर्मात बक्षीस या जगात मिळत नसतं, वगैरे. बाईंनी खोडून काढलं. यांनी पुन्हा मांडलं. शेवटचे खंड यांनी धाडून दिले आणि बाईंनी ते वाचता वाचता कसं पुस्तक खाली टाकलं, कशा खोलीत येरझारा घालत राहिल्या, नवऱ्यानं ‘आता पुरे, वाचू नकोस’ म्हणून कशी समजूत घातली, हे सगळं कळवलं. खाली सही ‘बेलफोर’चीच.

मग आलं भेटीचं प्रकरण. बाईंना लेखक बघायचा होता, पण ओळख द्यायची नव्हती. रिचर्डसननी सेंट जेम्स पार्कमध्ये आपण फिरायला येतो असं कळवून स्वतःचं वर्णन पाठवलं. बुटके, उंची पाच फूट पाच इंच. इतक्या तक्रारी असूनही कृश नव्हे, गुटगुटीतच. डोक्यावर फिक्या रंगाचा टोप. एक हात छातीशी कोटात खुपसलेला, दुसऱ्या हातात काठी, ती कोटाच्या घोळाखाली टेकवलेली, म्हणजे एकदम चक्कर आली तर कुणाच्या लक्षात न येता आधार व्हावा. नजर समोर, पण आजूबाजूचं सगळं टिपणारी. आणि बाईमाणूस दिसली की आधी पायांकडे, मग वर. हे शेवटचं त्यांनी स्वतः, आपण होऊन, लिहिलंय. स्वतःच्या कादंबरीत एखाद्या पात्राला उभं करताना जो तपशील लागतो, त्यातला कणही कमी नाही. आणि मग हा आजारी गृहस्थ, इंग्लंडच्या हिवाळ्यात, त्या बागेत चकरा मारत राहिला. बाईंनी म्हणे लांबून पाहून घेतलं आणि पुढे आल्याच नाहीत. यावर त्यांनी जी तक्रार केली, ती रुसलेल्या प्रेमिकाला शोभावी अशी. फक्त मधूनमधून चालू आवृत्तीच्या दुरुस्त्यांचा विषय.

अखेर १७५० साली भेट झाली. बाई निघाल्या लँकशरमधल्या हे हॉलच्या लेडी ब्रॅडशे, सर रॉजर यांच्या पत्नी. मैत्री मरेपर्यंत टिकली. त्यांनी रिचर्डसन यांची तसबीर घरात लावली, पण पाहुण्यांत चर्चा नको म्हणून खालचं नाव बदलून ‘डिकेन्सन’ करून घेतलं. ‘क्लॅरिसा’च्या आपल्या प्रतीत त्यांनी समासभर शेरे लिहिले आणि ती प्रत लेखकाकडे पाठवली. रिचर्डसननी त्या शेऱ्यांशेजारी आपली उत्तरं लिहिली. ती प्रत आजही अमेरिकेत प्रिन्स्टनला आहे. बाईंच्या बहिणीनं, लेडी एक्लिननं, हा सगळा खटाटोप टाळून कादंबरीचा शेवट स्वतःच नव्यानं लिहून काढला; त्यात अत्याचार होत नाही आणि लव्हलेसला पश्चात्ताप होतो. हे मात्र शहाणपणाचं. लेखकाशी वाद घालण्यापेक्षा लेखक होणं कमी दगदगीचं.

या सगळ्यांत पुस्तकाचं काय झालं? ज्याच्या हाती छापखाना, त्यानं कधी दुरुस्ती थांबवू नये अशी देवाची योजना असावी. पहिल्या आवृत्तीचे शेवटचे खंड आटोक्यात बसेनात, तेव्हा रिचर्डसननी मजकूर काही कापला नाही. टाइप बारीक केला. वाचकांचे डोळे गेले तरी चालतील, पण क्लॅरिसाचं एक वाक्य जाता कामा नये. मग कळलं की बऱ्याच बायका लव्हलेसच्याच प्रेमात पडल्या आहेत. शेट हवालदिल! १७४९ च्या आवृत्तीत तळटीपा आल्या, निष्काळजी वाचकांचे कान उपटणाऱ्या. हा माणूस किती वाईट आहे ते अमुक पत्रात सांगितलंय, वाचलं नाही का नीट? वर पत्रांची सारांशवार यादीही जोडली. एका आदरणीय गृहस्थांनी कादंबरीतल्या आगीच्या प्रसंगाला हरकत घेतली, तर उत्तरादाखल एक छोटी पुस्तिकाच छापली. १७५१ साली तिसरी आवृत्ती निघाली, आठ खंडांची. आधी कापलेले उतारे आता पूर्ववत केले, असं जाहीर करून त्यांच्या बाजूला समासात टिंबं छापली. ज्यांनी आधीची आवृत्ती विकत घेतली त्यांच्यावर अन्याय नको म्हणून ते उतारे वेगळ्या पुस्तकातही काढले. व्यवहारात माणूस चोख. पुढच्या विद्वानांना मात्र दाट शंका आहे की, ‘पूर्ववत केलेल्या’ उताऱ्यांतले बरेचसे मुळात नव्हतेच, ताजे लिहिलेले होते. मला यात काही लबाडी दिसत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं की मी किती कापलं, त्याला पुढे ते खरंच वाटू लागलं असणार.

तोवर फुलहॅमजवळ नॉर्थ एंडला त्यांचं बागेतलं घर होतं. तिथल्या छोट्या लतागृहात सकाळच्या पोशाखात, डोक्याला टोपी, हातात बाड, असे ते तरुण मंडळींना ‘सर चार्ल्स ग्रँडिसन’ ही पुढची कादंबरी वाचून दाखवताना सुझना हायमोर या मुलीनं काढलेलं १७५१ चं चित्र प्रसिद्ध आहे. श्रोत्यांत हेस्टर मल्सो ही जेमतेम चोवीस वर्षांची तल्लख मुलगी. मुलीनं लग्नाच्या बाबतीत बापाचं कितपत ऐकावं, यावर तिनं रिचर्डसनशी पत्रांतून असा वाद घातला की, चार मुलींच्या या बापाला घाम फुटला असेल. पण तिच्याशी वाद घालायला त्यांना आवडायचं. हिलनं वाक्य कापलं तर दुखायचं, मल्सोनं मतच कापलं तरी चालायचं. ‘ग्रँडिसन’च्या नायकानं इटालियन क्लेमेंटिनाशी लग्न करावं की इंग्रज हॅरिएटशी, याचे दोन पक्ष पडले तेव्हा तर यांनी दोन्ही बाजूंना टांगून ठेवायचा मनमुराद आनंद घेतला.

कौतुकाची भूक किती होती, त्याची एक गोष्ट जॉन्सनच्या चरित्रकारानं, बॉझवेलनं, सांगितली आहे. नॉर्थ एंडला भरल्या बैठकीत पॅरिसहून नुकताच आलेला एक पाहुणा सांगू लागला की फ्रान्सच्या राजाच्या भावाच्या टेबलावर आपण ‘क्लॅरिसा’ पाहिली. त्या वेळी बाकीचे आपापसांत बोलत होते. इतकी मोलाची गोष्ट निम्म्याच लोकांनी ऐकावी? रिचर्डसननी ऐकलं नाहीसं दाखवलं. सगळीकडे शांतता झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की मघाशी आपण काहीतरी म्हणत होता... पाहुण्यानं डाव ओळखला. म्हणाला, काही नाही, किरकोळ गोष्ट होती, पुन्हा सांगण्यासारखी नव्हे. दिवसभर यजमान फार बोलले नाहीत.

त्याच फ्रान्समधून खरा घाव आला. आबे प्रेव्हो हा स्वतः मोठा कादंबरीकार. त्यानं १७५१ साली ‘क्लॅरिसा’ फ्रेंचमध्ये नेली आणि फ्रेंच वाचकाला सोसेल एवढीच ठेवली. मरण, दफन, शोक, यांतला बराच भाग सरळ गाळला. पत्र नाही, नमुना नाही, ‘कापू का?’ नाही. रिचर्डसननी लेडी ब्रॅडशेंकडे तक्रार केली की या गृहस्थानं नेमके हृदयाला हात घालणारे भाग वगळले. आणि त्या काटछाट केलेल्या ‘क्लॅरिसा’वर फ्रान्स लट्टू झाला. १७६२ साली तत्त्वज्ञ दिदरोनं रिचर्डसनवर जो स्तुतीचा वर्षाव केला, त्याला तोड नाही. तेव्हा रिचर्डसनना जाऊन सहाएक महिने झाले होते.

‘ग्रँडिसन’ सात खंडांत संपली तेव्हा वाचक ओरडले, एवढ्यात संपली? रिचर्डसननी त्यावर सुचवलं की, मग मैत्रिणींनो, तुम्हीच एकेक पात्र वाटून घ्या आणि त्याच्या नावानं पत्रं लिहा. आपण पुढचा खंड करू. म्हणजे आता सल्लागारांनी लिहायचं आणि लेखकानं सल्ला द्यायचा. आठवा खंड काही निघाला नाही.

म्हातारपणी त्यांनी आलेली-गेलेली सगळी पत्रं खंडवार लावून घेतली. मुली नकला करून द्यायच्या, आणि हे बसून त्यांतली नावं खोडायचे, टिपणं लिहायचे, छापायची वेळ आलीच तर तयार असावं म्हणून. दुरुस्तीबद्दलच्या पत्रांची दुरुस्ती चालली होती. छपाई मात्र त्यांच्या हयातीत झाली नाही. १८०४ साली ॲना लेटिशिया बार्बोल्ड या लेखिकेनं त्या ढिगातून निवड केली, पुष्कळ पत्रं वगळली, काही तोडली, काही एकमेकांना जोडली आणि सहा खंडांत आटोपली. एवढं कापून झाल्यावर तिनं सुरुवातीला रिचर्डसन यांचं सुमारे दोनशे पानांचं चरित्र घातलं.